वर्ध्याचा पासवर्ड काय?

मंडळी, आज सुरुवातीलाच एक कोडं.

एक गाव आहे. गावाच्या एका बाजूला टेकडीवर एक विद्यापीठ आहे, ज्याच्या नावातच 'हिंदी' आहे. दुसऱ्या बाजूला एक इंजिनिअरिंग कॉलेज आहे, पार १९८३ सालापासूनचं. आता सांगा बरं, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरची जगातली भारी भारी जर्नल्स सरकारच्या पैशाने वाचायचा हक्क या दोघांपैकी कोणाला आहे?

इंजिनिअरिंग कॉलेज म्हणालात ना? साफ चूक! उत्तर आहे हिंदी विद्यापीठ. आणि हा जोक नाहीये. गावाचं नाव वर्धा. विद्यापीठ म्हणजे पंचटीला टेकडीवरचं महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आणि कॉलेज म्हणजे सेवाग्रामचं बापूराव देशमुख इंजिनिअरिंग कॉलेज.

थांबा, थांबा, पान उलटू नका. 'वीकएंडला काय करायचं ते सांगायचं सोडून ही बाई लायब्ररी कुठून घेऊन आली?' असं वाटत असेल, तर एकच प्रश्न विचारते. तुमच्या ऑफिसातल्या बाजूच्या क्युबिकलमध्ये नोकरी सांभाळून एम.टेक. करणारा कोणी आहे? गावाकडे पीएच.डी.च्या चक्रात अडकलेली एखादी चुलतबहीण? मग हा विषय तुमच्या घरातलाच आहे, बॉस.

आधी थोडा फंडा क्लिअर करू. रिसर्च पेपर हा जगातला सगळ्यात अजब धंदा आहे. प्रोफेसर लिहितो, त्याला त्याचे पैसे मिळत नाहीत. दुसरे प्रोफेसर तो तपासतात, त्यांनाही सहसा मिळत नाहीत. बऱ्याचदा मूळ संशोधनाचा खर्च सरकारने केलेला असतो. मग प्रकाशक तो छापतो आणि त्याच प्रोफेसरच्या लायब्ररीला विकतो. सुटा पेपर घ्यायचा म्हटलं तर तीस डॉलरच्या आसपास मोजायचे. म्हणजे एका पेपरला अडीच हजार रुपये! आणि एका थिसिससाठी असे शंभर-दीडशे पेपर चाळावे लागतात. तेही आधी अ‍ॅब्स्ट्रॅक्टच्या चार ओळी वाचून 'हा आपल्या कामाचा असावा' असा अंदाज बांधत. आतून भलताच निघाला तर पैसे परत नाहीत. लग्नाचा हॉल न बघता बुक करण्यासारखंच आहे हे.

म्हणून लायब्ररीने वर्षाची वर्गणी भरायची, ही पद्धत. पण सगळ्या मोठ्या प्रकाशकांची वर्गणी घ्यायची तर आकडा लाखांत नाही, कोटींत जातो. आयआयटीला झेपतं. तालुक्याच्या गावातल्या कॉलेजला कुठून झेपणार? यावर उपाय म्हणून लायब्रऱ्यांनी टोळी करून घासाघीस करायची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. इंजिनिअरिंगवाल्यांसाठी २००३ साली आयआयटी दिल्लीत 'इंडेस्ट' नावाचा असा एक गट उभा राहिला. पुढे २०१५च्या सुमाराला तो आणि यूजीसीचे असेच उपक्रम मिळून 'ई-शोधसिंधू' झालं. तरी वेगवेगळ्या मंत्रालयांच्या संस्था वेगवेगळी दुकानं मांडून त्याच प्रकाशकांकडून तोच माल घेतच होत्या.

मग आलं 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि १ जानेवारी २०२५पासून सुरूही झालं. आकडे ऐका. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक. जवळपास १३,००० जर्नल्स. ६,३००हून जास्त संस्था आणि त्यांतले सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, शिक्षक, संशोधक. सगळा कारभार गांधीनगरच्या 'इन्फ्लिबनेट'कडे, जे यूजीसीचंच केंद्र आहे. यादीत एल्सव्हिअर आहे, स्प्रिंगर नेचर आहे, वायली आहे. आणि आपल्या आजच्या विषयाचे दोन सुपरस्टार, आयट्रिपलई आणि एसीएम, तेही आहेत. आयट्रिपलई म्हणजे इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांची पंढरी. एसीएम म्हणजे कॉम्प्युटरवाल्यांची.

मी लगेच मोबाइलवर भागाकार करून पाहिला. वर्षाला दोन हजार कोटी भागिले एक कोटी ऐंशी लाख. माणशी साधारण अकराशे रुपये वर्षाला! मल्टिप्लेक्समध्ये दोन तिकिटं आणि एक पॉपकॉर्नचा टब. या भावात अख्ख्या जगाचं सायन्स मिळत असेल तर सौदा वाईट नाही. टीका करणारे म्हणतात की हाच पैसा पेपर सगळ्यांसाठीच मोफत करण्यावर घालायला हवा होता, आपण परदेशी प्रकाशकांचीच तिजोरी भरतोय. त्यांच्याही म्हणण्यात दम आहे. पण ज्याला उद्या सकाळी गाइडला तोंड दाखवायचंय त्याला पेपर आज रात्री हवा असतो. त्यामुळे मी तरी या योजनेला बिचकत बिचकत का होईना, फुल मार्क देते.

आता गोम. पहिल्या टप्प्यात कोण? केंद्र आणि राज्य सरकारच्या उच्च शिक्षण संस्था, आणि केंद्राच्या संशोधन संस्था. खासगी कॉलेजं? नाहीत. 'पुढच्या टप्प्यात बघू.'

ही ओळ दिल्लीत वाचली तर साधी वाटते. वर्ध्यात वाचली की पोटात गोळा येतो. कारण नकाशा काढा. वर्धा जिल्ह्याच्या शेजारी नागपूर, अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर. या चारही ठिकाणी सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे. मधल्या वर्ध्यात डिग्रीचं एकही नाही! इथे बी.ई., बी.टेक., एम.टेक. करायचं म्हणजे खासगीतच. म्हणजे या जिल्ह्यातले झाडून सगळे इंजिनिअर, त्यांचे शिकवणारे आणि त्यांचे गाइड एका व्याख्येमुळे दाराबाहेर. नागपूरच्या व्हीएनआयटीत बसलेला पोरगा एका क्लिकवर जो पेपर उघडतो, तोच पेपर पंचाहत्तर-ऐंशी किलोमीटरवरच्या सेवाग्रामच्या पोराकडे तीस डॉलर मागतो. दोघांनी बारावीला एकाच क्लासच्या नोट्स झेरॉक्स केलेल्या असतात हो!

आणि टेकडीवर हिंदी विद्यापीठ. १९७५ साली नागपुरात पहिलं विश्व हिंदी संमेलन झालं, तिथे या विद्यापीठाची कल्पना निघाली आणि १९९७ साली ते संसदेच्या कायद्याने वर्ध्यात उभं राहिलं. केंद्रीय विद्यापीठ, त्यामुळे व्याख्येत चपखल बसतं. त्यांना मिळालं म्हणून माझी काहीच तक्रार नाही, उलट आनंदच आहे. तिथे भाषा तंत्रज्ञान शिकवतात. मशीनने भाषांतर कसं करायचं, कॉम्प्युटरला हिंदीचं व्याकरण कसं कळणार, हे विषय शिकायचे तर एसीएमचे पेपर लागणारच. राहुल सांकृत्यायनांच्या नावाच्या त्यांच्या लायब्ररीत कोणी पोरगी निराला वाचता वाचता न्यूरल नेटवर्ककडे वळली तर मला ते जाम आवडेल. माझं म्हणणं एवढंच की, गावात हॉटेल एकच असावं, आणि जेवणाचं कुपन शेजारच्या गल्लीला वाटावं, तसं झालंय हे.

माझा मावसभाऊ याच दाराबाहेरच्या गर्दीत आहे. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. जिल्ह्यातल्याच एका खासगी कॉलेजात शिकवतो (नाव नको, त्याला नोकरी करायचीय अजून) आणि नागपूर विद्यापीठातून इलेक्ट्रॉनिक्समध्ये पार्टटाइम पीएच.डी. करतोय. परवा फोनवर म्हणाला, "ताई, पेपर उघडूनच नाही राहिला. पह्यले कॉलेजकडे थोडेफार जर्नल होते, आता तेबी बंद केले. लॉगिन मागते अन् मंग डॉलर मागते." मी म्हटलं, मग काय करतोस? "काय करतो म्हणजे! अ‍ॅब्स्ट्रॅक्ट वाचून लिटरेचर सर्व्हे लिहितो. समदेच लिहितात."

समदेच लिहितात! हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. सिनेमा न बघता ट्रेलरवरून परीक्षण लिहिणाऱ्यांना आम्ही पत्रकार नावं ठेवतो. इथे एका पिढीला आपण तेच करायला शिकवतोय, आणि त्याला 'डॉक्टरेट' म्हणतोय.

बरं, यातून पुढे जे होतं ते आणखी वाईट. चांगली जर्नल्स कधी उघडूनच बघितली नसतील तर खोटी जर्नल्स ओळखणार कशी? 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ अमुक तमुक', फी भरा, दोन दिवसांत पेपर छापून सर्टिफिकेटसकट हातात. या धंद्याचं पीक आपल्याकडे किती फोफावलं ते शिकवणाऱ्या कोणालाही विचारा. यूजीसीने त्यावर 'केअर' नावाची चांगल्या जर्नल्सची यादी काढली, २०१९पासून ती लागू होती आणि फेब्रुवारी २०२५मध्ये ती यादीच बंद करून टाकली. आता कोणतं जर्नल चांगलं ते संस्थांनीच ठरवायचं. ठीक आहे, ठरवू. पण ठरवायला चव लागते, आणि चव येण्यासाठी आधी जेवावं लागतं. ज्या कॉलेजात आयट्रिपलईचा एक अख्खा अंक कोणी पाहिला नाही, तिथली कमिटी चांगलं-वाईट कशावरून ठरवणार?

आणि हो, तो दुसरा रस्ता. सगळ्यांना माहीत असलेला, पण कोणीही थिसिसच्या ऋणनिर्देशात न लिहिलेला. साय-हब. अलेक्झांड्रा एल्बाक्यान नावाच्या कझाकस्तानच्या मुलीने २०११ साली सुरू केलेली ही साइट म्हणजे रिसर्च पेपरची पायरेटेड सीडीच म्हणा. डिसेंबर २०२०मध्ये तीन प्रकाशकांनी दिल्ली हायकोर्टात केस टाकली आणि ऑगस्ट २०२५मध्ये कोर्टाने साइट भारतात ब्लॉक करायला सांगितली. कायद्याच्या बाजूने बघितलं तर त्यात आश्चर्य काहीच नाही. पण टायमिंग बघा. ज्या वर्षी सरकारी कॉलेजांना पुढचं दार उघडलं, त्याच वर्षी खासगीवाल्यांचं मागचं दार बंद झालं.

रडगाणं पुरे. आता कामाचं बोलू. कारण ही भिंत दिसते तितकी सलग नाहीये, आणि कॉम्प्युटरवाल्यांसाठी तर तिला चांगलीच भगदाडं आहेत.

पहिली गोष्ट, जी मला मावसभावाला दोनदा समजावून सांगावी लागली. तू नोकरी खासगी कॉलेजात करतोस, पण पीएच.डी.ची नोंदणी कुठे आहे? राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात. ते राज्य विद्यापीठ आहे. म्हणजे पहिल्या टप्प्याच्या व्याख्येत बसतं. तू त्यांना फी भरतोस, त्यांचा रीतसर संशोधक आहेस. मग त्यांच्याच लायब्ररीकडे लॉगिन माग की! इन्फ्लिबनेटची 'इन्फेड' नावाची एक यंत्रणा आहे. संस्थेच्या लायब्ररीने तुमचं नाव त्यात घातलं की कॅम्पसवर न जाताही, अगदी आर्वीच्या घरी कूलरसमोर बसून, पेपर उघडता येतात. प्रकाशकाच्या साइटवर 'संस्थेमार्फत लॉगिन' असा पर्याय असतो, तिथे आपल्या विद्यापीठाचं नाव निवडायचं आणि पासवर्ड टाकायचा. खेळ खल्लास.

"असं असते काय?" पलीकडून आवाज आला. असं असते! पण त्यासाठी अर्ज करावा लागतो, लायब्रेरियनला भेटावं लागतं, आणि नोंदणीचं पत्र दाखवावं लागतं. आमच्या पिढीला स्विगीवाल्याशी वीस मिनिटं वाद घालता येतो, पण लायब्रेरियनच्या टेबलापर्यंत जायला लाज वाटते. का, ते देव जाणे. शाळेत 'शूऽऽ' ऐकून ऐकून असेल कदाचित. खरं सांगू, पेपर शोधण्याच्या कामात ग्रंथपालाइतका उपयोगी माणूस अख्ख्या कॉलेजात दुसरा नसतो, आणि त्याच्याकडे येतं कोण, तर नो ड्यूजवर सही मागणारे.

याच ग्रंथपालाला अजून एक विचारा. आपलं कॉलेज 'डेलनेट'चं मेंबर आहे का? दिल्लीच्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरमध्ये १९८८ साली सुरू झालेलं हे लायब्रऱ्यांचं जाळं आहे. मेंबर असाल तर दुसऱ्या लायब्ररीतलं पुस्तक उसनं किंवा लेखाची कॉपी मागवता येते. बऱ्याच खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांच्या वेबसाइटवर त्याचा लोगो ऐटीत लावलेला असतो. वापरायचं कसं ते पोरांना कोणी सांगितलेलंच नसतं.

आता खास कॉम्प्युटरवाल्यांसाठी. तुमचं नशीब जोरदार आहे, हे आधी मान्य करा. एसीएमने २०२२ साली आपला १९५१ ते २००० या पन्नास वर्षांचा जुना खजिना सगळ्यांसाठी मोफत केला. आणि जानेवारी २०२६पासून तर त्यांच्या डिजिटल लायब्ररीतले पेपर सगळ्यांनाच वाचायला खुले झाले. सरकारी, खासगी, बेकार, कोणीही! म्हणजे वन नेशन वन सबस्क्रिप्शनच्या यादीतला एक सुपरस्टार आता फुकटातच बघायला मिळतो. (फुकट म्हणजे वाचणाऱ्याला. आता पैसे पेपर लिहिणाऱ्याच्या संस्थेकडून घेतात. प्रकाशक काही वारकरी झालेले नाहीत.)

दुसरं म्हणजे, तुमच्या विषयात जर्नलपेक्षा कॉन्फरन्सला भाव जास्त. आणि त्यातल्या बड्या कॉन्फरन्सचे पेपर आधीपासूनच उघडे असतात. मशीन लर्निंगची न्यूरिप्स घ्या, सगळे पेपर त्यांच्याच साइटवर. कॉम्प्युटर व्हिजनवाल्यांचं स्वतःचं मोफत भांडार आहे. भाषा आणि कॉम्प्युटर यावर काम करणाऱ्यांसाठी 'एसीएल अँथॉलॉजी' आहे. हिंदी विद्यापीठातल्या पोरांना जे लागतं त्यातलं बरंचसं तिथे कोणताही पासवर्ड न टाकता मिळतं. यावरून गंमत बघा, ज्यांच्या विषयाचं सामान बऱ्यापैकी मोफतच आहे त्यांना वर्गणीही मिळाली.

आणि 'अर्काइव्ह'. स्पेलिंग विचित्र आहे, मध्ये एक्स येतो, पण उच्चार हाच. पॉल गिन्सपार्ग नावाच्या फिजिक्सवाल्याने १९९१मध्ये ते सुरू केलं. पेपर छापून यायच्या आधीच लोक तिथे ठेवून देतात. तुम्ही ज्या चॅटजीपीटीकडून ऑफिसचे मेल लिहून घेता ना, त्यातल्या 'टी'चा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा मूळ पेपर जून २०१७मध्ये तिथेच आला. गूगलच्या मंडळींनी लिहिलेला. तो त्या दिवशी कॅलिफोर्नियात जितका उघडा होता तितकाच हिंगणघाटच्या सायबर कॅफेतही उघडा होता.

हे आपोआप झालं नाही बरं का. २००१मध्ये 'मशीन लर्निंग' नावाच्या जर्नलच्या संपादक मंडळातल्या चाळीस जणांनी एकदम राजीनामे दिले. म्हणाले, आमचे पेपर पैशाच्या कुलपात नकोत. आणि एका नव्या, मोफत जर्नलच्या पाठीशी उभे राहिले. ते आज त्या विषयातल्या सगळ्यात मानाच्या जर्नल्सपैकी एक आहे. मोठमोठ्या प्रोफेसरांनी असं युनियनसारखं वागलेलं मला फार आवडतं.

पण माझ्या मावसभावाचा विषय इलेक्ट्रॉनिक्स. तिथे अशी पद्धत इतकी रुजलेली नाही. चिपचं डिझाइन, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, सिव्हिलवाल्यांचं काँक्रीट, मेकॅनिकलवाल्यांचं मटेरिअल, यांतलं अजूनही बरंच कुलपात आहे. म्हणजे एकाच कॉलेजच्या एकाच मजल्यावर कॉम्प्युटर डिपार्टमेंट बऱ्यापैकी मोकळा श्वास घेतंय आणि समोरचं इलेक्ट्रिकल डिपार्टमेंट खिडकीला नाक लावून उभं आहे. त्यांच्यासाठी दोन देशी जुगाड, पूर्ण कायदेशीर. गूगल स्कॉलरवर पेपरच्या खाली 'ऑल व्हर्जन्स' अशी बारीक लिंक असते, ती उघडा. अनेकदा लेखकाने आपल्या विद्यापीठाच्या पानावर कच्ची प्रत ठेवलेली असते. 'अनपेवॉल' नावाचं ब्राउझरचं एक्स्टेन्शन हेच काम आपोआप करतं, मोफत प्रत सापडली की हिरवं उघडं कुलूप दाखवतं.

आणि काहीच नाही मिळालं तर लेखकाला मेल टाका. खरंच! चार ओळी पुरतात. मी अमुक, वर्ध्याला असतो, तमुकवर काम करतो, तुमच्या पेपरातला हा भाग मला हवाय, एक प्रत पाठवाल का? लेखकाला त्यातून एक पैसा मिळत नसतो, त्यामुळे तो पाठवायला कचरत नाही. उलट कोणीतरी आपलं वाचतंय म्हणून खूश होतो. मावसभावाला हे सांगितलं तर म्हणे, "ते एवढे मोठे लोकं, आपल्याले कायले उत्तर देतील?" मी त्याला जबरदस्तीने तीन मेल टाकायला लावले. दोन उत्तरं आली. एक कोरियातून, एक खरगपूरहून. खरगपूरच्या प्रोफेसरांनी तर पेपरासोबत सर्किटच्या फाइल्सही पाठवल्या, न मागता. तिसरं अजून आलेलं नाही. चालायचंच.

वर्ध्याबद्दल लिहिताना गांधीजींना टाळता येत नाही, तर एक छोटीशी गोष्ट सांगूनच टाकते. त्यांच्या 'हिंद स्वराज'ची इंग्रजी आवृत्ती १९१०मध्ये निघाली, तेव्हा तिच्यावर छापलं होतं की कोणतेही हक्क राखून ठेवलेले नाहीत. ज्याला हवं त्याने छापावं! पुढे मात्र त्यांनी लिखाणाचे हक्क नवजीवन ट्रस्टकडे दिले आणि २००९ उजाडलं तेव्हा कुठे ते सगळ्यांसाठी खुले झाले. म्हणजे मोफत द्यावं की राखून ठेवावं, हा घोळ खुद्द बापूंनाही सुटलेला नव्हता. त्यामुळे प्रकाशकांना सरसकट व्हिलन ठरवायच्या मी भानगडीत पडत नाही. संपादन, छपाई, सर्व्हर यांना खर्च येतोच. फक्त तो खर्च सेवाग्रामच्या पोराच्या खिशातून, एका पेपरला अडीच हजार या दराने वसूल करू नका.

आता पुढे काय? योजना मांडली तेव्हा असं सांगितलं गेलं की दुसऱ्या टप्प्यात खासगी संस्थांना घ्यायचं आणि त्यापुढे ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांतून कोणत्याही नागरिकाला वाचता येईल असं करायचं. हा शेवटचा टप्पा मला सगळ्यात सेक्सी वाटतो. इजिप्तने २०१६मध्ये असंच एक भांडार अख्ख्या देशाला उघडून दिलं, कॉलेजचं आयकार्ड लागत नाही. कल्पना करा, वर्ध्याच्या वाचनालयात एमपीएससीवाल्या पोरांनी सकाळी सहाला रुमाल टाकून जागा धरलेली आहे, आणि कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर कोणी पंप दुरुस्त करणारा मेकॅनिक मोटरच्या वाइंडिंगवरचा आयट्रिपलईचा पेपर बघतोय. इंग्रजी अडलं तर शेजारचा पोरगा सांगेल.

करार २०२७च्या अखेरपर्यंतचा आहे. म्हणजे पुढची घासाघीस त्याआधीच होणार. खासगी कॉलेजांना आत घ्यायचं तर पैसे कोणी भरायचे, हा खरा वादाचा मुद्दा असेल. माझं साधं मत: भरमसाट फी घेणाऱ्या बड्या डीम्ड युनिव्हर्सिट्यांनी आपापलं भरावं, त्यांना जमतं. पण ज्या जिल्ह्यात सरकारनेच इंजिनिअरिंग कॉलेज काढलं नाही, तिथल्या पोरांना 'तुमचं कॉलेज खासगी आहे' हे कारण सरकारने देऊ नये. त्यांनी खासगी निवडलेलं नाही. दुसरं होतंच कुठे?

दरम्यान, मावसभावाने नागपूर विद्यापीठाच्या लायब्ररीत जायचं ठरवलंय. येत्या बुधवारी, कारण मंगळवारी त्याचं प्रॅक्टिकल आहे. नोंदणीचं पत्र, फीची पावती, आयकार्ड, सगळं फाइलमध्ये लावून तयार आहे. तुमच्यापैकी ज्यांची नोंदणी सरकारी विद्यापीठात आणि नोकरी खासगी कॉलेजात आहे, त्यांनीही आपापल्या लायब्ररीत अर्ज टाका आणि किती दिवसांत लॉगिन मिळालं ते मला कळवा. विद्यापीठाचं नाव आणि दिवसांचा आकडा, एवढंच पुरे. मी यादी करतेय.